सरोवराच्या दारावरचे घड्याळ : पश्चिम अमेरिकेतील नौका-तपासणीच्या वेळांचा इतिहास

सार्वजनिक सरोवराला दार असावे आणि त्या दाराला उघडण्यामिटण्याची वेळ असावी, ही कल्पना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पश्चिमेकडच्या राज्यांत फार जुनी नाही. इ. स. २००७ पर्यंत तेथील बहुतेक जलाशयांवर होडी पाण्यात सोडण्याचा विधी अगदी साधा होता. मोटारीच्या मागे ट्रेलर जोडावा, ट्रेलरवर होडी ठेवावी, काठावर बांधलेल्या सिमेंटच्या उतारावरून ट्रेलर पाण्यात मागे न्यावा, आणि होडी तरंगू लागली की मोटार वर आणून उभी करावी, एवढाच काय तो खटाटोप. हे पहाटे चार वाजता करावे की सायंकाळी सात वाजता, हे बहुधा ज्याचे त्याने ठरवावयाचे. पुढच्या दोन-तीन वर्षांतच ह्या उतारांच्या तोंडाशी तपासनीस उभा राहिला, आणि तपासनीस घरी गेला की उताराला कुलूप पडू लागले. तेव्हापासून आजतागायत होडीवाल्यांच्या ज्या तक्रारी ऐकू येतात त्यांत शुल्काची तक्रार आहे, तपासणीच्या कटकटीची आहे. परंतु सर्वांत चिवट तक्रार आहे ती वेळेची. ह्या तक्रारीचा उगम कोठे, ती कितपत रास्त, आणि तिला जी उत्तरे मिळाली त्यांनी सरोवर व होडी यांच्या नात्यात कोणता पालट घडविला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे.

ज्या स्वातंत्र्यावर ही मर्यादा आली ते स्वातंत्र्यही तसे पुरातन नव्हे. पश्चिमेकडील अनेक मोठी ‘सरोवरे’ वस्तुतः धरणांचे जलाशय आहेत. हूव्हर धरणामागे मीड सरोवर साठले ते विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात; ग्लेन कॅन्यन धरणामागील पॉवेल सरोवर १९६३ पासून भरू लागले. पाणी अडविले ते शेतीसाठी, शहरांसाठी आणि विजेसाठी. नौकाविहार हा तेथे आश्रितासारखा आला आणि पुढे घरचाच होऊन बसला. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या हलक्या व स्वस्त होड्या निघाल्या, होडीच्या मागे अडकविण्याची यंत्रे सामान्य माणसाच्या आटोक्यात आली, आणि १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणण्यास प्रारंभ झाला. ज्याचे घर पाण्यापासून शंभर मैलांवर आहे अशा गवंड्याला किंवा शाळामास्तराला ट्रेलरमुळे होडीचा मालक होता आले. सरोवराकाठी बंगला नसलेल्यालाही सरोवर मिळाले ते ह्या दोन चाकांच्या सांगाड्यामुळे.

ह्यात सरकारचाही हात होता, आणि होडीवाल्यांच्या पुढील रोषाचे एक मूळ येथेच सापडते. १९५० च्या कायद्यान्वये मासेमारीच्या गळकाठ्या व इतर साहित्य यांवरील कराचे उत्पन्न मध्यवर्ती सरकारने मत्स्यसंवर्धनाच्या कामी राज्यांना वाटून देण्याची व्यवस्था केली. १९८४ मध्ये ह्या व्यवस्थेचा विस्तार होऊन होड्यांच्या इंधनावरील कराचा अंशही तीत आला, आणि त्यातील काही हिस्सा नौकांना पाण्यापर्यंत पोहोचण्याची सोय करण्यासाठी राखून ठेवावा असे ठरले. अनेक सार्वजनिक उतार ह्याच पैशातून बांधले गेले. म्हणजे ज्या उताराच्या कुलपापुढे होडीवाला पहाटे ताटकळत उभा राहतो, त्या उताराचे सिमेंट त्याच्याच गळाच्या आणि पेट्रोलच्या खरेदीतून आलेले असते. ‘आमचेच पैसे आणि आम्हालाच दार बंद’ ही त्याची भाषा म्हणूनच निव्वळ त्राग्याची ठरत नाही.

आता ज्या जीवामुळे हे दार उभे राहिले त्याची हकीकत. काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्या परिसरातील नद्यांत व खाऱ्या-गोड्या पाण्यात राहणारा, नखाएवढा, अंगावर पट्टे असलेला एक शिंपला आहे. पीटर पालास ह्या निसर्गशास्त्रज्ञाने १७७१ मध्ये त्याचे वर्णन केले. गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात त्यांच्याप्रमाणेच तोही आपल्या अंगातून चिवट धागे काढून खडकाला चिकटतो. युरोपात कालवे खोदले गेले आणि एका नदीचे खोरे दुसऱ्याला जोडले गेले तसा हा शिंपला नावांच्या तळांना चिकटून पश्चिमेकडे सरकत गेला. १८२४ मध्ये तो लंडनच्या गोद्यांत आढळला. अटलांटिक ओलांडावयास त्याला आणखी दीड शतकाहून अधिक काळ लागला. १९८८ च्या जूनमध्ये कॅनडा व अमेरिका यांच्या सीमेवरील सेंट क्लेअर सरोवरात विंडसर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना तो प्रथम मिळाला. रिकाम्या जहाजाचा तोल राखण्यासाठी पोटात जे पाणी भरून घेतात आणि माल चढविताना बाहेर सोडतात, त्या पाण्यातून तो आला असे अभ्यासक मानतात. त्याचा जवळचा भाऊबंद क्वागा शिंपला हाही मागोमाग १९८९ मध्ये ईरी सरोवरात दिसला. १९८९ मध्येच मिशिगनमधील मन्रो शहराचा पाणीपुरवठा नळांच्या तोंडाशी जमलेल्या शिंपल्यांनी बंद पाडला, तेव्हा हा केवळ प्राणिशास्त्राचा विषय नव्हे हे सर्वांच्या ध्यानी आले.

नावांविषयी येथेच दोन शब्द सांगणे अस्थानी होणार नाही. पहिल्या शिंपल्याला त्याच्या पट्ट्यांवरून ‘झेब्रा’ म्हणू लागले. दुसरा निराळा आहे हे १९९१ मध्ये निश्चित झाल्यावर झेब्र्याच्याच जातभाईचे ‘क्वागा’ हे नाव त्याला देण्यात आले. क्वागा हा दक्षिण आफ्रिकेतील अर्धवट पट्ट्यांचा प्राणी. त्यातील शेवटचा ज्ञात प्राणी १८८३ मध्ये आम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. नाव खोइखोइ भाषेतील असून ते त्याच्या ओरडण्याच्या अनुकरणातून झालेले आहे. निःशेष झालेल्या प्राण्याचे नाव काही केल्या निःशेष न होणाऱ्या प्राण्याला मिळावे, हा योगायोग मौजेचा आहे. इंग्रजीत ह्या वर्गातील शिंपल्यास ‘मसल’ म्हणतात; तो शब्द लॅटिन ‘मुस्कुलुस’ म्हणजे ‘लहानसा उंदीर’ ह्यावरून आलेला, आणि त्यातील ‘मुस्’ हा संस्कृत ‘मूष’, ‘मूषक’ यांचा सगोत्र. घरात शिरलेल्या उंदराशी ह्या जीवाची तुलना करणाऱ्यांना ही व्युत्पत्ती ठाऊक नसेल. तुलना मात्र चपखल बसते.

प्रथम सापडल्यानंतर जवळजवळ दोन दशके हे शिंपले प्रामुख्याने पूर्वेकडील व मध्य भागातील जलमार्गांत वाढत राहिले. मधली कोरडी मैदाने व पर्वत हीच पश्चिमेची तटबंदी आहे, असा समज होता. १९९० मध्ये मध्यवर्ती सरकारने परकीय जलचरांविषयी कायदा केला आणि १९९३ पासून महासरोवरांत येणाऱ्या जहाजांनी तोलाचे पाणी भर समुद्रात बदलून यावे असे बंधन घातले. पण तोपर्यंत शिंपला जहाजातून उतरून ट्रेलरवर चढलेला होता. दि. ६ जानेवारी २००७ रोजी मीड सरोवरातील एका नौकातळावर क्वागा शिंपला आढळला. तोपर्यंत ज्ञात असलेल्या त्याच्या वसाहतींपासून हे ठिकाण हजार मैलांहून अधिक दूर. त्याच वर्षी कोलोरॅडो नदीच्या खालच्या जलाशयांत आणि तिचे पाणी नेणाऱ्या कालव्यांतून सान दिएगोच्या जलाशयांपर्यंत तो पोहोचला. जानेवारी २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील सान हुस्तो जलाशयात झेब्रा शिंपला सापडला, आणि तो जलाशय लोकांस बंद करण्यात आला. कोलोरॅडो राज्यातील प्वेब्लो जलाशयात शिंपल्याचे डिंभ असल्याचे ह्याच सुमारास जाहीर झाले.

हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण होडीवाल्यांचा एक आवडता युक्तिवाद त्यावर घासून पाहता येतो. ‘बदके जाऊन बसतात त्यांची तपासणी कोण करतो?’ असा प्रश्न प्रत्येक नाक्यावर विचारला जातो. पाणपक्ष्यांच्या अंगाला चिकटून डिंभ जाऊ शकतात हे अशक्य नाही. तथापि पक्षी हेच मुख्य वाहक असते तर शिंपल्याचा प्रसार उड्डाणमार्गांवरील तळ्यातळ्यांतून, टप्प्याटप्प्याने झालेला दिसला असता. प्रत्यक्षात त्याने एकदम हजार मैलांची उडी मारली आणि तो उतरला तो बदकांच्या एखाद्या दलदलीत नव्हे, तर होड्यांच्या तळावर. ह्या एका बाबतीत तपासणीचा पक्ष निःसंशय बळकट आहे.

तपासणीला वेळेचे बंधन का पडले हे समजण्यासाठी ती कशी चालते हे पाहिले पाहिजे. प्रौढ शिंपला पाण्याबाहेर उन्हाळ्यात काही दिवस आणि थंड, दमट हवेत काही आठवडे जगतो. डिंभ तर डोळ्यांना दिसतच नाहीत. होडीच्या तळाशी साचलेल्या ओंजळभर पाण्यात, मासे जिवंत ठेवण्याच्या टाकीत किंवा यंत्र थंड करणाऱ्या नळ्यांत ते राहू शकतात. लाटांवर फळी घेऊन खेळण्यासाठी ज्या होड्या अलीकडे निघाल्या आहेत त्यांत वजनासाठी पाणी भरण्याच्या टाक्याच असतात, आणि त्या पूर्ण रिकाम्या होत नाहीत. म्हणून तपासनीस प्रथम विचारतो, होडी शेवटी कोठे व केव्हा पाण्यात होती? मग सर्व बुचे काढून पाणी निथळू देतो, आणि नंतर तळावरून हात फिरवितो. कोवळे शिंपले दिसण्यापूर्वी वाळूकागदासारखे बोटांना लागतात. संशय आला तर होडी सुमारे ६० अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्याने धुवावी लागते. कोरडी, स्वच्छ होडी काही मिनिटांत सुटते. टाक्यांची होडी धुण्यास बराच वेळ जातो. हे काम शिकविलेल्या माणसाने, उजेडात, हाताने करावयाचे आहे. यंत्राने किंवा रात्री ते होत नाही असे नाही, पण नीट होत नाही.

आणि येथेच घड्याळ शिरले. तपासनीस हे बहुतांशी हंगामी नोकर असतात. त्यांना तासांवर मजुरी मिळते. सकाळी सहा ते रात्री नऊ उतार उघडा ठेवावयाचा तर दोन पाळ्या हव्यात, आणि दोन पाळ्या म्हणजे दुप्पट खर्च. उन्हाळ्यात गर्दी असते तेव्हा दोन पाळ्या लावता येतात. वसंतात व शरदात एकच पाळी उरते. हिवाळ्यात बहुतेक नाके बंद होतात. नियम मात्र सर्वत्र एकच, तपासनीस नसेल तर होडी पाण्यात जाणार नाही. कायद्याच्या चर्चेत शुल्क किती असावे यावर वाद होतो, ते आकड्यात लिहिले जाते आणि त्यावर मते पडतात. वेळ मात्र बहुधा कोणी ‘ठरवीत’ नाही. अंदाजपत्रकात जेवढी मजुरी बसेल तेवढे तास उरतात. ज्या बंधनाने लोकांच्या दिवसाचा आकार बदलला ते असे मागल्या दाराने आले, आणि म्हणूनच त्याविरुद्ध दाद मागण्याची जागाही कोणाला नेमकी सापडली नाही.

कोलोरॅडोचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. तेथे २००८ मध्ये जलीय उपद्रवी प्राण्यांविषयीचा कायदा झाला, आणि प्रमुख जलाशयांवर तपासणी सक्तीची झाली. खर्चाचा मोठा भार खनिज उत्खननावरील कराच्या उत्पन्नावर टाकलेला होता. तेल व वायू यांचे भाव उतरले की हे उत्पन्न उतरते. त्यात २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका तेल-कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि आधी घेतलेल्या कराचा परतावा देणे राज्यास भाग पडले. तेलाच्या विहिरीवरील कराचा हिशेब आणि डोंगरातल्या तळ्यावर ट्राउट धरण्याची वेळ यांचा संबंध सामान्य माणसाला सुचणार नाही, पण तो होता. अखेर २०१८ च्या कायद्याने १ जानेवारी २०१९ पासून होड्यांवर मुद्रांक सक्तीचा केला. राज्यातील रहिवाशास २५ डॉलर, बाहेरच्यास ५०. होडीवाल्यांनी ह्या मुद्रांकाविरुद्ध म्हणावी तेवढी ओरड केली नाही, कारण पैसे आले तर नाके टिकतील आणि तास वाढतील, असा हिशेब त्यांपैकी पुष्कळांनी केला. वेळेची टंचाई पैशाच्या बोज्यापेक्षा अधिक जाचक वाटत होती, याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

ती जाचक का वाटावी? मासेमारीचे घड्याळ कचेरीच्या घड्याळाशी जुळत नाही हे पहिले कारण. वॉलाय नावाचा मासा अंधुक प्रकाशात शिकार करतो. त्याच्यामागे जाणारा माणूस संधिप्रकाशात पाण्यावर असावयास हवा. ट्राउट व बास यांचेही उत्तम प्रहर पहाटेचे. नाका सातला उघडतो तेव्हा त्यांचा दिवस संपत आलेला असतो, आणि उताराखाली वीस होड्यांची रांग असेल तर आठ वाजतात. दुसरे कारण वाऱ्याचे. पर्वतातील जलाशयांवर दुपारनंतर वारा उठून लाटा उसळतात. लहान होडीवाल्याने सकाळी जाऊन दुपारपूर्वी परतावे ही तेथील जुनी शहाणपणाची रीत. नाका उशिरा उघडला की हा माणूस नेमका वाईट वेळी पाण्यावर राहतो. तिसरे कारण कामकऱ्यांचे. आठवडाभर पाच वाजेपर्यंत राबणाऱ्याला जूनच्या लांब संध्याकाळी दोन तास पाण्यावर घालविता येत. सहा वाजता बंद होणाऱ्या उताराने ते त्याच्याकडून काढून घेतले. निवृत्ताला सकाळी दहा वाजता जाता येते, काठावर बंगला व स्वतःचा धक्का असणाऱ्याची होडी हंगामभर पाण्यातच असते. वेळेचे बंधन सर्वांना सारखे लागू असले तरी सर्वांना सारखे लागत नाही. शिंपला जहाजांनी आणला, आणि रांगेत उभा राहिला तो सोळा फुटी होडीवाला. ह्यातील विषमता तपासणीच्या पुरस्कर्त्यांनी पुरेशी बोलून दाखविलेली नाही.

परतीचे दुखणे आणखी निराळे. अनेक ठिकाणी बाहेर पडतानाही तपासणी होते. वादळ आले, यंत्र बिघडले किंवा मासे लागत होते म्हणून उशीर झाला, तर दार मिटण्यापूर्वी काठ गाठण्याची धावपळ होते. अंधारात घाईने होडी हाकणे हे शिंपल्याइतकेच धोक्याचे नाही काय, असे होडीवाले विचारतात. वल्ह्याच्या होडग्यांना व कयाकांना मात्र बऱ्याच ठिकाणी सूट असते. ती सशास्त्र आहे, कारण त्यांत पाणी साचण्याच्या जागा कमी. परंतु कुलूपबंद उताराशेजारून कोणी खांद्यावर होडगे घेऊन खुशाल पाण्यात उतरताना पाहिले की शास्त्र आठवत नाही.

ह्या तक्रारींना राज्यांनी जी उत्तरे शोधली त्यांत तीन मार्ग दिसतात. यूटाने विश्वासाचा मार्ग घेतला. २००८ मध्ये तेथे कायदा झाला. तदनुसार होडीच्या मालकाने होडी स्वच्छ, निथळलेली व कोरडी असल्याचे पत्रक भरून मोटारीच्या पुढच्या काचेपाशी ठेवावे. कोरडे ठेवण्याचे दिवसही ठरवून दिले, उन्हाळ्यात ७, वसंतात व शरदात १८, हिवाळ्यात ३०. सर्वत्र नव्हे, पण जेथे ही पद्धत चालते तेथे दाराला घड्याळ लागत नाही. तपासनीसाची जागा मालकाची सदसद्विवेकबुद्धी घेते. ती किती पुरते हा प्रश्न उरतोच.

दुसरा मार्ग सीलचा. कॅलिफोर्निया व नेवाडा यांच्या सीमेवरील टाहो सरोवरावर २००८ पासून सर्व यंत्रहोड्यांची तपासणी सक्तीची झाली, आणि पुढे सरोवराकडे येणाऱ्या रस्त्यांवर नाके बसविण्यात आले. टाहोचे पाणी सोडून निघालेल्या होडीला ट्रेलरशी तारेने जखडून सील लावतात. ते न तुटता होडी परत आली तर ती मध्यंतरी दुसऱ्या पाण्यात गेली नाही हे सिद्ध होते, आणि पुनः तपासणी न होता ती सरळ उतारावर जाते. कोलोरॅडोतही सील आणि सोबत पावती अशी पद्धत आहे. वेळेच्या तक्रारीवर हा तोडगा बराच उपयोगी पडला. मात्र त्याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. सील टिकवावयाचे तर होडी एकाच सरोवराची होऊन राहिली पाहिजे. शनिवारी येथे आणि पुढच्या शनिवारी दोनशे मैलांवर, ही ट्रेलरने दिलेली मुभा गेली. ज्या साधनाने होडीला प्रवासी केले होते, त्यालाच तारेने बांधून तिला पुनः रहिवासी करण्यात आले.

तिसरा मार्ग म्हणजे दार कायमचे मिटणे. कॅलिफोर्नियातील कासीतास सरोवर, जेथे १९८४ च्या ऑलिम्पिकमधील नौकास्पर्धा झाल्या होत्या, ते मार्च २००८ मध्ये बाहेरच्या होड्यांस बंद झाले, आणि पुढे उघडले ते होडी कित्येक दिवस अडकवून ठेवण्याच्या अटीवर. डेन्व्हरजवळील स्टँडली सरोवर वेस्टमिन्स्टर, नॉर्थग्लेन व थॉर्नटन ह्या तीन शहरांना पिण्याचे पाणी पुरविते. तेथे परवानाधारक होड्यांनी इतर पाण्यात न जाण्याची अट पाळली जात नसल्याच्या शंकेवरून २०१९ मध्ये ट्रेलरवरील होड्यांना बंदीच झाली. तास कमी असल्याचे गाऱ्हाणे करणाऱ्यांपुढे अधिकारी हेच उदाहरण ठेवतात. थोडे तास की शून्य तास, असा तो प्रश्न.

अर्थात तपासणीचे दार पूर्ण पुरे पडते असेही नाही. कोलोरॅडोतील हायलाइन सरोवरात तपासणी चालू असतानाही सप्टेंबर २०२२ मध्ये प्रौढ झेब्रा शिंपला सापडला, आणि पुढे ते सरोवर उपसून कोरडे करावे लागले. २०२४ च्या जुलैत कोलोरॅडो नदीतच डिंभ मिळाले. शोध घेत गेल्यावर २०२५ मध्ये ईगल परगण्यातील एका खासगी तळ्यात प्रौढ शिंपल्यांची मोठी वसाहत आढळली. सार्वजनिक सरोवरावर पहाटे कुलूप लावणाऱ्या व्यवस्थेला खासगी तळ्याचे फाटक दिसत नव्हते. अशीच किंमत आयडाहोनेही मोजली. सप्टेंबर २०२३ मध्ये ट्विन फॉल्सजवळ स्नेक नदीत क्वागाचे डिंभ सापडताच राज्याने नदीचा तेवढा भाग लोकांस बंद करून ऑक्टोबरमध्ये तांबेयुक्त औषध सोडले; त्यात पुष्कळ मासेही मेले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये डिंभ पुनः आढळले.

असा उपाय बंदिस्त पाण्यात वेळीच झाला तर यशस्वी होतो याचे प्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियातील डार्विन बंदराचे. तेथे १९९९ मध्ये ह्याच कुळातील काळ्या पट्ट्यांचा शिंपला दिसताच नौकातळांची दारे बंद करून क्लोरीन व मोरचूद टाकून त्याचा नायनाट करण्यात आला. हाच शिंपला भारतात १९६७ मध्ये विशाखापट्टणम बंदरात आढळला होता आणि पुढे मुंबईच्या गोदीतही दिसला. तो खाऱ्या व मचूळ पाण्यातला, जहाजांबरोबर आलेला. आपल्याकडील गोड्या पाण्याच्या धरणांवर होड्यांची तपासणी करण्याचा प्रसंग त्यामुळे आला नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन बंदरात सोनेरी शिंपला सापडला. उत्तर अमेरिकेत ही त्याची पहिलीच नोंद. मूळचा पूर्व आशियातील हा जीव १९९१ पासून दक्षिण अमेरिकेतील प्लाता नदीच्या मुखाशी वसलेला होता. स्टॉक्टनलाही तो समुद्री जहाजातूनच आला असावा असा तर्क आहे. झेब्रा व क्वागा यांना कवचासाठी पाण्यात जितका चुना लागतो त्याहून कमी ह्याला पुरतो, त्यामुळे टाहोसारखी मऊ पाण्याची सरोवरेही आता सुरक्षित राहिली नाहीत. २०२५ च्या हंगामात टाहोवर सील नसलेल्या प्रत्येक होडीला गरम पाण्याने धुणे सक्तीचे झाले. सॅक्रामेंटोजवळील फॉल्सम सरोवरावर त्याच वसंतात असा नियम झाला की, होडीची तपासणी होऊन तिला सील लागावे आणि तीस दिवस ती तशीच कोरडी राहावी. त्यानंतरच ती पाण्यात जाईल. राग्यूझा म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक. त्या बंदराने १३७७ मध्ये रोगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांस तीस दिवस बाहेर थांबविण्याचा ठराव केला होता. पुढे इतरत्र तीसाचे चाळीस झाले आणि इटालियन ‘क्वारान्ता’ ह्या संख्यावाचकावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द रूढ झाला. सहा शतकांनी संख्या फिरून तीसावर आली. तासांबद्दल भांडणारा होडीवाला आता दिवस मोजू लागला आहे.

पॉवेल सरोवरावर तर दाराची दिशाच फिरली. तेथे २००९ पासून आत जाणाऱ्या प्रत्येक होडीला शिंपलामुक्त असल्याचा दाखला लागे. नाक्याच्या वेळा चुकल्या तर शेकडो मैल आलेल्या कुटुंबांस उतारावर रात्र काढावी लागे. २०१३ मध्ये तेथे प्रौढ क्वागा सापडले आणि पुढच्या वर्षापर्यंत ते हजारोंनी झाले. आत येणाऱ्यांना अडविण्यात मग अर्थ उरला नाही. तपासणी बाहेर पडणाऱ्यांची सुरू झाली. आता रांग लागते ती रविवारी दुपारी, सुट्टी संपवून घरी निघालेल्यांची. मुले मोटारीत झोपलेली असतात, आणि तपासनीस एकेका होडीची बुचे काढून खाली वाकून पाहत असतो.